क्लिनिकल मानसशास्त्र आणि तंत्रज्ञान : नाशिकमधून पदव्युत्तर शिक्षणाची तयारी कशी करावी

मानसशास्त्रात पदवी घेतलेले नाशिकचे विद्यार्थी पुढच्या शिक्षणाची चौकशी करायला येतात, तेव्हा हल्ली त्यांच्या हातात एखाद्या अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक असते आणि त्यावर ‘क्लिनिकल’ व ‘टेक्नॉलॉजी’ हे दोन्ही शब्द ठळक छापलेले असतात. माझा पहिला सल्ला ठरलेला आहे : पहिल्या शब्दाची पूर्ण खातरजमा झाल्याखेरीज दुसऱ्याकडे वळू नये. तंत्रज्ञान मागाहूनही शिकता येते, पण चुकीच्या पदवीला व्यवसायाची परवानगी मागाहून चिकटवता येत नाही.

भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्याख्याही मान्यताप्राप्त, देखरेखीखाली प्रशिक्षण दिलेल्या शिक्षणाचीच अट घालते, नुसते एम. ए. त्यासाठी पुरत नाही. एम. ए. नंतर दोन वर्षांचे एम. फिल. करावे, हा आजवरचा राजमार्ग होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम. फिल. बंद करताना या विषयाला केवळ २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत सवलत दिली, त्यामुळे चार वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या ताईदादांचा सल्ला कितीही आपुलकीचा असला तरी आता जुना झाला आहे. परिषदेच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नेमके नाव आणि मान्यतेची मुदत आपल्या प्रवेशाच्या वर्षाशी ताडून पाहावी. माहितीपत्रकातील ‘मान्यता प्रस्तावित’ या शब्दांचा अर्थ ‘मान्यता नाही’ असाच घ्यावा.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच शहरात असल्यामुळे नोकरी सांभाळून घरबसल्या पदवी घेण्याचा विचार नाशिककरांच्या मनात सहज येतो. परंतु २०२१ च्या संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, मानसशास्त्रासह, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सर्वच विद्यापीठांना बजावले आहे. म्हणजे वर्गात बसूनच शिकावे लागणार. ज्यांना मनोरुग्णालयातील कामाचा अनुभव हवा आहे, त्यांनी ठाणे किंवा येरवडा येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या दृष्टीने राहण्याखाण्याचा खर्च आधीच मांडून ठेवावा. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाऊन-येऊन शिकण्याचा बेत दोन महिन्यांहून अधिक टिकलेला मी पाहिलेला नाही.

पहिल्या वर्षाविषयी थोडक्यात सांगते. विकारांचे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीवरून वाचावे, कारण ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. संख्याशास्त्रासाठी जामोवी किंवा आर यांपैकी एक मोफत सॉफ्टवेअर हाताळावे आणि मानसशास्त्रीय प्रयोगांसाठी पायथन भाषेवर चालणारे सायकोपाय पुरेसे आहे. स्वतः ॲप तयार करता येणे गरजेचे नाही. मात्र ॲप बनवणाऱ्याला योग्य प्रश्न विचारता आले पाहिजेत.

ते प्रश्न कोणते, हे एका प्रश्नावलीवरून दाखवते. नैराश्याच्या चाळणीसाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची आहे. मागच्या दोन आठवड्यांविषयीच्या प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण मिळतात आणि बेरीज २७ पर्यंत जाते. ती मोबाइलवर चढवणे एका दुपारचे काम आहे. आता दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराने ती भरली, असे समजू. झोपेच्या प्रश्नाला तो ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर देतो, कारण शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची आहे आणि पाणी भरायला तो दोन वाजता उठतो. थकव्याच्या प्रश्नालाही अर्थातच तेच उत्तर येते. सहा गुण येथेच जमले आणि त्यांत आजाराचा भाग किती, हे यंत्राला सांगता येत नाही. उलट ‘कामात रस वाटत नाही’ या वाक्यावर तो नकारार्थी मान हलवतो. परंतु ‘करमतं का?’ असे विचारले की तो गप्प होतो, आणि त्या गप्प होण्याची नोंद करायला पडद्यावर जागाच नसते. म्हणून मराठी रूपांतर हाती असले तरी ते आपल्या भागातील दहा-बारा जणांसमोर मोठ्याने वाचून ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ असे विचारावे आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत टिपावीत. बिने-कामत चाचणीमुळे बुद्धिमापन मराठी मुलांपर्यंत पोहोचले, तेही शब्दाला शब्द ठेवून नव्हे.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. मध्यरात्री कोणी त्याला शून्याहून अधिक गुण दिले, तर ते कोणाच्या फोनवर दिसेल, तो माणूस जागा असेल का आणि तो काय करील, याचे लेखी उत्तर असल्याशिवाय लघुप्रबंधातील कोणतीही ऑनलाइन प्रश्नावली सुरू करू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक पडद्यावर दाखवणे आवश्यकच आहे, पण तेवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीपुढे मी माझा आराखडा मांडला तेव्हा या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि समितीने तो परत पाठवला. तेव्हा राग आला होता, पण समितीचे बरोबर होते.

चॅटबॉटवर लघुप्रबंध करण्याची सध्या लाट आहे. हा विषय घेणाऱ्यांनी सुरुवात १९६६ पासून करावी. त्या वर्षी संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा संवाद साधणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला आणि तो केवळ आपलीच वाक्ये फिरवून परत विचारतो, हे ठाऊक असूनही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागल्याचे पाहून ते स्वतःच अस्वस्थ झाले. आजच्या चॅटबॉटची भाषा कितीतरी सफाईदार असली, तरी माणूस यंत्रापाशी मन मोकळे का करतो, हा अभ्यासाचा प्रश्न तोच आहे.

माहिती गोळा करताना १८ वर्षांखालील व्यक्तींसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला अपेक्षित आहे, हे शाळांमध्ये काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. नावे आणि उत्तरे वेगवेगळ्या फाइलींत असावीत. फॉर्मची लिंक व्हॉट्सॲपवर फिरवली की दोनशे उत्तरे आठवड्यात येतात, पण ती बहुतेक कॉलेज रोडवरच्या आपल्याच मित्रमैत्रिणींची असतात. ‘नाशिक जिल्ह्यातील प्रौढ’ असे शीर्षक त्यांच्यावर लावू नये.

तालुक्यांत जाऊन काम करायचे असेल, तर वेळापत्रक परीक्षेपेक्षा बागेच्या कामांवरून ठरवावे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून, म्हणजे फळ धरण्यासाठी द्राक्षवेली छाटतात तेव्हापासून, काढणी संपेपर्यंत तासभर बसून बोलायला बागायतदाराला सवड नसते. तिसरे सत्र सुरू होण्याआधीच समितीची परवानगी हाती ठेवून जुलै-ऑगस्टमध्ये मुलाखती उरकाव्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत विश्लेषणाला बसावे.