रीपासिंगला निघालात? आधी लाइटांचे रंग बघा

पंधरा वर्षं झाली की दुचाकीच्या आरसीची मुदत संपते, आणि पुढच्या पाच वर्षांसाठी गाडी आरटीओत निरीक्षकासमोर उभी करावी लागते. फॉर्म २५ (आरसी नूतनीकरणाचा अर्ज), विमा, पीयूसी सगळे जमवतात, गाडी धुऊन-पुसून नेतात. लाइट मात्र ‘लागतात ना, मग झालं’ म्हणून सोडून देतात. ते नुसते लागून भागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०८ सांगतो की पुढच्या बाजूला लाल दिवा दिसता कामा नये आणि मागे लालच दिसला पाहिजे. मागे सूट आहे ती इंडिकेटरच्या केशरी रंगाला, नंबर प्लेटवरच्या पांढऱ्या उजेडाला आणि अशाच एखाद-दोन गोष्टींना.

रंग ठरतो तो बल्ब आणि काच दोन्ही मिळून. लोक यातलं एकच बदलतात आणि तिथेच फसतात.

टेललाइटमध्ये एलईडी

साध्या तारेच्या बल्बच्या उजेडात लाल भाग भरपूर असतो. पांढऱ्या एलईडीत निळा जास्त, लाल कमी. लाल काच लाल सोडून बाकीचा उजेड अडवते, त्यामुळे पांढरा एलईडी हातात धरल्यावर डोळे दिपवतो आणि काचेमागे गेला की मंद, कधी गुलाबीसर दिसतो. मग दुकानदार लाल एलईडी देतो. टेललाइट झकास लाल होते, पण बऱ्याच गाड्यांत त्याच डब्याच्या खालच्या पारदर्शक पट्टीतून नंबर प्लेटवर उजेड पडतो. आता नंबर प्लेटही लाल! तिथे पांढरा उजेड हवा आणि मागचा नंबर १५ मीटरवरून वाचता यायला हवा.

अशा डब्यासाठी माझं उत्तर सरळ आहे: कंपनीने दिला होता तसा तारेचा बल्ब परत बसवा. जुन्या बल्बच्या बुडाशी ५/२१ किंवा ५/१० वॅट लिहिलेलं असतं, तेच घ्या. त्याच्या दोन पिना कमी-जास्त उंचीवर असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसतो. जोर लावून उलटा बसवलात तर टेल आणि ब्रेक यांची अदलाबदल होते.

उन्हाने फिकटलेली काच नवीन बल्बने सुधारत नाही. तडा गेलेल्या काचेतून मागे पांढरी चीर दिसते, आणि लाल टेप हा त्यावरचा इलाज नव्हे. स्मोक काच, म्हणजे काळपट रंगाची, तर काढूनच टाका.

इंडिकेटर

नारिंगी काच असेल तर साधा बल्ब, पारदर्शक काच असेल तर केशरी बल्ब. केशरी बल्बवरचा रंग काही वर्षांनी पापुद्र्यासारखा सुटतो आणि इंडिकेटर पांढरा लुकलुकायला लागतो. बऱ्याच केशरी बल्बच्या पिना नेमक्या समोरासमोर नसतात. पांढरा बल्ब तिथे बसू नये म्हणूनच ही सोय केलेली असते. पिन घासून तो बसवणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणं नियमात बसतं. एलईडी लावल्यावर वेग वाढला तर दोष बहुधा एलईडीत नसतो. जुन्या फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, १० वॅटच्या बल्बांचा भार अपेक्षित असतो, तो मिळत नाही. एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवा. त्यानंतरही डावीकडचा लावल्यावर चारही लागले, तर मीटरमधला एकच इंडिकेटर दिवा तपासा. काही गाड्यांत तो डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो. त्यातून पलीकडे जाणारा थोडासा करंटही एलईडी पेटवायला पुरतो. दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) लावून हे मिटतं.

हेडलाइट

हॅलोजनचा उजेड साधारण ३२०० केल्विनचा, म्हणजे पिवळट. (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप.) ‘८००० केल्विन’वाले बल्ब निळसर दिसतात आणि पावसात त्यांचा काही उपयोग होत नाही. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीची चिप तारेच्या नेमक्या जागी येत नाही, त्यामुळे उजेड विखुरतो. खोक्यावर छापलेल्या ल्युमेनवर, म्हणजे उजेडाच्या आकड्यावर, मी तरी विश्वास ठेवत नाही.

लखलखाटाचं माप नियम १०६ मध्ये आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपायला नको. संध्याकाळी गल्लीत कोणाला तरी गाडीवर बसवा, डिपर खाली ठेवायला सांगा आणि स्वतः त्या जागी जाऊन बघा.

गाडी उभी असताना रेस न देता (आयडलिंगला) एलईडी फडफडत असेल तर आधी जुना बल्ब लावून बघा. रेस वाढवल्यावर तो प्रखर होत असेल आणि इंजिन बंद केल्यावर विझत असेल, तर हेडलाइट बॅटरीवर नाही, इंजिनमधून थेट येणाऱ्या एसी करंटवर चालते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना एएचओ (इंजिन चालू असताना आपोआप लागलेली राहणारी हेडलाइट) सक्तीचं झालं, त्याआधीच्या अनेक १०० सीसी गाड्या अशाच आहेत. तिथे एलईडीचा हट्ट सोडा. हेडलाइटमध्ये शोभेसाठी बसवलेले लाल ‘डेमन आय’ दिवे आणि निळे पार्किंग बल्बही काढा.

आरसी संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. जुन्या मॉडेलची मूळ टेललाइट काच मात्र दुकानात लगेच मिळेलच असं नाही, तेव्हा आधी काच मागवा आणि ती हातात आल्यावरच अपॉइंटमेंट घ्या.