दातांच्या सफाईची तारीख चतुर्थी आणि शिगम्याशी बांधा

दातांची सफाई दर सहा महिन्यांनी करावी असे आपण म्हणतो, परंतु मागची सफाई कधी झाली हे घरात कोणालाच आठवत नाही. भाद्रपदातली गणेश चतुर्थी आणि फाल्गुनातला शिगमो, म्हणजे गोव्यातला होळीचा सण, यांत साधारण सहा महिन्यांचेच अंतर असते. म्हणून आम्ही माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीच्या, सामानाची यादी करताना त्याच कागदाच्या डोक्यावर दंतवैद्याची वेळ लिहितो आणि नेवऱ्या (करंज्या) तळायला घेण्याआधी सर्वांची सफाई उरकतो. खासगी दवाखाना परवडत नसल्यास बांबोळीचे सरकारी गोवा दंत महाविद्यालय आहे.

यादीत प्रत्येकाच्या नावापुढे वयानुसार नोंद करावी.

१. बाळाची पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी.

२. गरोदरपणात हिरड्या सुजून रक्त येऊ लागते, म्हणून घाबरून दात घासणे थांबवू नये. मऊ ब्रशने चालू ठेवावे आणि सफाई शक्यतो चौथ्या ते सहाव्या महिन्यात करून घ्यावी.

३. मधुमेह असलेल्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात, त्यामुळे मध्ये आणखी एक फेरी हवी का, हे दंतवैद्यांना विचारावे.

४. आजीची कवळी डबीत घालून सोबत न्यावी. दात नसले तरी कवळीखालच्या हिरड्या तपासाव्या लागतात आणि नेमके हेच घरोघरी राहून जाते, याचे फार वाईट वाटते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास सफाईपूर्वी दंतवैद्यांना सांगावे. ती आपल्या मनाने बंद करू नये.