वसतिगृह पुन्हा उघडताय? या चुका टाळा

कोरोनामुळे बंद पडलेल्या महाराष्ट्रातल्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा भरल्या. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी, शहरात आठवी ते बारावी. शहापूर तालुक्यातल्या एका निवासी शाळेत मी तेव्हा गृहपाल होते. महिनाभर खपून आम्ही आराखडा केला होता. एका बाकावर एक मूल, फाटकावर तापमापक, हात धुण्याचे वाढीव नळ, मास्कचा हिशेब, सगळं त्यात होतं. झोपण्याच्या जागेबद्दल मात्र एकच ओळ होती: ‘खाटांमध्ये योग्य अंतर ठेवावे.’ दिवाळीनंतर सात मुली आजारी पडल्या. त्यांचे वर्ग वेगवेगळे होते, पण सातपैकी सहा जणी एकाच हॉलमध्ये झोपत होत्या.

निवासी शाळेतलं मूल वर्गात सहा तास असतं आणि उरलेले अठरा तास वसतिगृहात. म्हणून आराखडा रात्रीपासून लिहायला घ्या. आधी झोप, मग न्हाणीघर, मग जेवण, आणि शेवटी वर्ग. साथ कोरोनाचीच असेल असं नाही. २०२२च्या अखेरीस गोवंडी आणि भिवंडीत गोवर पसरला, तेव्हा आमच्यापुढे हेच प्रश्न पुन्हा उभे राहिले.

खाटा मोजल्या, हवा विसरलो

खाटांमध्ये सहा फूट सोडायचे म्हटलं तर आमच्या चाळीस मुलींच्या हॉलमध्ये जेमतेम अठरा खाटा मावत होत्या. ते जमत नाही म्हटल्यावर सगळ्यांनीच हात टेकले आणि खाटा होत्या तशाच राहिल्या. अंतर पूर्ण मिळत नसेल तेव्हाही करण्यासारखं बरंच असतं. एका खाटेची उशी भिंतीकडे, शेजारच्या खाटेची मधल्या वाटेकडे, अशी उलटसुलट मांडणी केली की जागा तेवढीच लागते, पण तोंडं लांब जातात. दुमजली खाटांवरही वरचीचं डोकं एका टोकाला आणि खालचीचं दुसऱ्या टोकाला ठेवा. पत्र्याच्या पेट्या व्हरांड्यात हलवल्या तर दोन-तीन खाटांची जागा निघते. आमची निघाली.

पण खरी गोष्ट हवेची आहे. कोरोना हवेतून पसरतो हे आता सगळ्यांनी मान्य केलंय, तरी रात्री साडेनऊला हॉलच्या खिडक्या पटापट लागतात. मुलींना ओरडून काही होत नाही. त्या खिडक्या का लावतात ते विचारा. आम्हाला चार कारणं मिळाली: डास, साप, पावसाची झड आणि बाहेरून कुणी डोकावेल ही भीती. चौथं कारण मुली सहजासहजी बोलत नाहीत, आणि तेच सगळ्यात मोठं असतं. मग प्रत्येक कारणावर वेगळं काम केलं. खिडक्यांना बारीक जाळी बसवली. खालचा अर्धा भाग झाकेल असा कापडी पडदा लावून वरचा अर्धा मोकळा ठेवला. मागच्या बाजूला दिवा लावला आणि पहारेकऱ्याची फेरी त्या बाजूने ठरवली. पश्चिमेच्या खिडक्यांवर पत्र्याचे छोटे छज्जे बसवले, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर झड त्याच अंगाने येते. नंतर खिडक्या उघड्या ठेवा असं सांगायची वेळच आली नाही.

छताचा पंखा हवा बदलत नाही, आहे तीच हवा घुसळतो. एक्झॉस्ट पंखा लावलात तर तो हवा बाहेर फेकतोय ना, हे कागदाचा कपटा जवळ धरून बघा. त्याच्या शेजारचीच खिडकी उघडी असेल तर तो तिथूनच हवा ओढतो आणि हॉलचं दुसरं टोक कोंदट राहतं. म्हणून पंख्याजवळची खिडकी बंद आणि समोरच्या टोकाची उघडी ठेवा. स्प्लिट एसीवरही विसंबू नका. तो खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र एका रात्रीपुरतं उसनं मिळालं तरी पुरे. बाहेरच्या हवेत हा आकडा ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास असतो. मध्यरात्री हॉलमध्ये तो हजाराच्या वर गेला, तर मुली एकमेकींनी सोडलेला श्वास परत घेत आहेत असं समजा.

फाटकावरचा निगेटिव्ह कागद

चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे मूल निर्धोक, असं धरून आम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकत्र जेवायला बसवलं. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जाऊ शकतात. काल लागण झालेलं मूल आज निगेटिव्ह येतं. त्यात घरून निघताना गच्च भरलेली काळी-पिवळी जीप, मग एसटी, आणि कसाऱ्याकडून येणारं असेल तर लोकल. चाचणीनंतरचा हा प्रवास कोणत्या कागदावर असतो?

मुलं तीन-चार टप्प्यांत बोलवा. प्रत्येक टप्प्यातली मुलं पहिले आठ-दहा दिवस छोट्या गटात ठेवा. गटाचं झोपणं, जेवण आणि न्हाणीघर एकच हवं. आमची सर्वांत महागात पडलेली चूक इथलीच. वर्गात इयत्तेप्रमाणे गट होते, हॉलमध्ये गावाप्रमाणे आणि जेवणाच्या पंगतीत वयाप्रमाणे. कागदावर सगळे गट छोटे दिसत होते, पण एक मुलगी दिवसभरात तिन्ही गटांतून फिरत होती. झोपण्याचा गट हाच मूळ गट धरा आणि शाळेचं वेळापत्रक त्याच्या मागून बसवा. मुख्याध्यापक कुरकुर करतील, तरी हे लावून धरा.

फेब्रुवारी २०२१मध्ये वाशीम जिल्ह्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक मुलं बाधित निघाली. अमरावती, यवतमाळसारख्या जिल्ह्यांतून आलेली मुलं तिथे एकत्र राहत होती. एका छपराखाली आजार किती वेगाने फिरतो, याचं हे उदाहरण मी प्रत्येक बैठकीत देते.

मूल आजार लपवतं, कारण आपण त्याला घाबरवलेलं असतं

सहावीतली एक मुलगी तीन दिवस तापाने फणफणत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. आईने पेटीत दिलेली पॅरासिटामॉलची गोळी ती पहाटे घ्यायची, म्हणजे सकाळच्या रांगेत तापमापक हिरवा दिवा दाखवायचा. विचारलं तेव्हा म्हणाली, “बाई, घरी पाठवाल ना मला? घरी फोन नाही, मग मी शिकू कशी?” दीड वर्ष ती अभ्यासाविना घरी बसली होती. तिची भीती आजारापेक्षा मोठी होती आणि ती आम्हीच घातली होती. ‘लक्षणे आढळल्यास विद्यार्थ्यास पालकांच्या ताब्यात द्यावे’ अशी पाटी आम्ही दारावर लावली होती.

ती पाटी काढा. तापलेलं मूल प्रवासात इतरांना आजार देतं, आणि घरी एकाच खोलीत आजी-आजोबा असतात. डॉक्टरांनी सांगितलं आणि घरी वेगळी सोय असली, तरच पाठवा.

अलगीकरणाची खोली कोठाराच्या मागे नको. आमची तिथेच होती आणि मुली तिला ‘कोंडायची खोली’ म्हणायच्या. नंतर आम्ही दर्शनी बाजूची शिक्षकांची खोली रिकामी केली. तिची मोठी खिडकी अंगणात उघडते, त्यामुळे मैत्रिणी लांब उभ्या राहून गप्पा मारू शकतात. जेवण सगळ्यांसारखंच, गरम. रोज संध्याकाळी घरी फोन. बाई खिडकीशी येऊन धडा समजावणार. हे सुरू झालं आणि पंधरवड्यात मुली आपणहून सांगायला लागल्या, “बाई, घसा खवखवतोय.”

पेटीतल्या गोळ्या न रागावता मागून घ्या आणि नाव लिहून कपाटात ठेवा. विचारपूस सकाळच्या रांगेत नको, सगळ्यांसमोर कुणी खरं सांगत नाही. रात्रीच्या जेवणानंतर एकेकीजवळ बसा. भात उरलाय, गप्प आहे, खेळायला गेली नाही, ही लक्षणं कोणतंही यंत्र दाखवत नाही.

स्वयंपाकघर एका बाईवर उभं

आमची मुख्य स्वयंपाकीण आजारी पडली त्या सकाळी शंभरावर मुलांचा नाश्ता कोण करणार हे ठरलेलं नव्हतं. कामाठी आणि मी पोहे टाकले, तेही साडेनऊला. प्रत्येक कामासाठी बदली माणूस आधी ठरवा, त्याला एक दिवस बोलवून शेगडी, कोठार, चाव्या दाखवून ठेवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाचा आजारपणातला खाडा कापू नका. कणकण असूनही मदतनीस बाई कामावर आली, कारण चार दिवसांचा रोज बुडाला असता. तिला दोष कसा द्यायचा? व्यवस्थापनाकडून पगारी रजेची लेखी हमी घ्या, आणि ती वसतिगृह उघडण्याआधी घ्या.

फवारणीवरचा खर्च

मुलांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२०मध्येच तसं बजावलं होतं. डोळे आणि कातडी जळते, उपयोग शून्य. फरशी, कड्या, नळ यांना एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट पुरतं. ते आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो. सफाई करणाऱ्या मावशींना हे तोंडी सांगा, बाटलीवरचं कुणी वाचत नाही.

बंद इमारत तशीच उघडणं

महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या गच्चीवरच्या टाक्या आणि नळांत पाणी सडतं. टाकी उपसून, घासून, क्लोरीन टाकून भरा, मग प्रत्येक नळ आणि शॉवर काही मिनिटं सोडून द्या. झाकण तुटलं असेल तर डास होतात, आणि मग कोरोनाऐवजी डेंग्यूने मुलं आजारी पडतात. गॅसची नळी, अग्निशामक सिलिंडरची तारीख, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, कोठारातलं जुनं धान्य हे मुलं येण्याच्या आठ दिवस आधी बघून घ्या. लसीकरणाचं कार्ड आणि पालकांचं संमतिपत्र प्रवेशाच्या दिवशीच घ्या. ३ जानेवारी २०२२ला पंधरा ते अठरा वयोगटाची लस सुरू झाली, तेव्हा संमतीसाठी आम्ही पाड्यापाड्यांवर फिरत होतो.

न आलेल्यांची यादी

आलेल्या मुलांत आपण इतके गुंततो की न आलेल्यांची यादी फायलीत राहते. आमच्या यादीत अकरा नावं होती. पैकी चौघी आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेल्या होत्या, एकीचं लग्न ठरत होतं. पहिल्याच आठवड्यात फोन करा, फोन नसेल तर अंगणवाडीताईंना गाठा, बालविवाहाची शंका आली तर मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ फिरवा. लग्न ठरत होतं ती मुलगी डिसेंबरात परत आली.

रात्री दोनला कुणाला उठवायचं

ऑक्सिमीटर होता, पण त्याचा सेल संपलेला होता. थंड बोटांवर किंवा नखाला रंग असताना तो चुकतो. हात चोळून गरम करा आणि मिनिटभर थांबून बघा. आकडा ९४ किंवा खाली असेल, मूल धापा टाकत असेल, ओठ निळसर वाटत असतील, तर सकाळची वाट बघू नका. १०८ लावा. सोबत गावातली एक गाडी आणि तिचा चालक आधीच ठरवून ठेवा, कोण मुलीबरोबर जाणार आणि कोण मागे थांबणार हेही. आमच्या हॉलमध्ये मोबाइलला रेंज येत नाही, ती गच्चीवर टाकीजवळ येते. म्हणून उपजिल्हा रुग्णालय, चालक आणि मुख्याध्यापकांचे नंबर आम्ही जिन्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहून घेतले, आणि गच्चीच्या दाराची किल्ली त्याच्या खालच्या खिळ्याला अडकवली.