उद्या सकाळी विमान उडवायचंय ना, मग आज रात्री एवढं करून ठेवा

आरसी म्हणजे रिमोटवर उडवायचं विमान मैदानावर पडतं खरं, पण कारण शोधायला गेलं की दहातल्या आठ वेळा ते घरच्या टेबलावरच सापडतं. कुठलातरी स्क्रू राहिलेला असतो, नाहीतर वायर उलटी, नाहीतर बॅटरी अर्धी. म्हणून माझं एकच म्हणणं आहे, मैदानावर पोचल्यावर काही चिकटवायचं किंवा सेट करायचं काम शिल्लक राहता कामा नये, तिथे फक्त पंख लावायचा, बॅटरी घालायची आणि शेवटचं एकदा तपासायचं. बाकी सगळं आदल्या रात्री, आणि तेही घाई नसताना. मी इथे सांगतोय ते साध्या ट्रेनरबद्दल (शिकाऊ विमानाबद्दल), म्हणजे सव्वा मीटरच्या आसपासचा वर बसणारा पंख, फोमचं अंग, चार चॅनल (रिमोटवरून चार गोष्टी चालवता येतात), ब्रशलेस मोटर, ३ सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) आणि सगळं मिळून किलोभर वजन. तुमचं विमान वेगळं असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच ठेवा.

सुरुवात बॅटरीपासून कारण तिला वेळ लागतो. २२०० ची लिपो २.२ अँपिअरनेच चार्ज करायची, बॅलन्सची (सगळे सेल सारखे भरणारी) छोटी वायर चार्जरला लावूनच, आणि पूर्ण झाली की प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट म्हणजे एकूण १२.६ दिसायला हवेत. एक सेल बाकीच्यांपेक्षा सारखाच मागे पडत असेल तर त्या बॅटरीवर भरवसा ठेवू नका. फुगलेली तर अजिबात वापरू नका, "थोडीशीच फुगलीये" असं काही नसतं. चार्जिंग नुसत्या फरशीवर करायचं, गादी पडदे लांब, आणि चार्जिंगला लावून झोपायचं नाही म्हणजे नाही, लिपो पेटली की विझवणं फार अवघड असतं. रिमोटचे सेलही याच वेळी बघून घ्या, ते नेहमी विसरतात.

बॅटरी चार्ज होतेय तोवर जोडणी. किटमधलं विमान असेल तर पंखाचे दोन भाग मधल्या कार्बनच्या नळीवर सरकवायचे, शेपटीचे दोन पत्रे बसवायचे आणि चिकटवायच्या आधी नीट सरळ आहेत का ते मोजायचं. डोळ्याला सरळ वाटणं वेगळं आणि सरळ असणं वेगळं. मी शिवणाचा दोरा घेतो, एक टोक शेपटीच्या मधोमध टाचणीनं अडकवतो, दोरा ताणून डाव्या पंखाच्या टोकापर्यंत नेतो, तिथे पेनानं खूण करतो आणि तोच दोरा उजव्या टोकाला नेतो. गेल्या विमानाला खूण टोकाच्या ६ मिलिमीटर आत आली, म्हणजे पंख तिरका बसत होता. नीट बघितलं तर खाचेत फोमचा एक बारीक दाणा अडकला होता, तो नखानं काढला आणि दोन्ही बाजू जुळल्या. तसंच चिकटवलं असतं तर ते विमान कायम एका अंगावर गेलं असतं आणि मी ट्रिम (रिमोटवरून बारीक दुरुस्ती) देत बसलो असतो. मागून बघून आडवी शेपटी पंखाला समांतर आणि उभी शेपटी काटकोनात आहे ना तेही बघा.

चिकटवताना एक सांभाळा. फेव्हिक्विकसारखा गोंद ईपीओ फोमला (थर्माकोलपेक्षा चिवट फोम) चालतो पण साध्या थर्माकोलला खातो, अक्षरशः खड्डा पडतो, तेव्हा आधी तुकड्यावर थेंब टाकून बघा. मोटरचा माउंट, शेपटी असल्या जोराच्या जागी मी पाच मिनिटांचं इपॉक्सीच वापरतो.

आता सर्व्हो, म्हणजे पंख-शेपटीचे हलणारे भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी. इथे बहुतेक जण चुकतात कारण आर्म (सर्व्होवरची छोटी दांडी) आधी बसवतात आणि करंट नंतर देतात. उलटं करायचं, रिमोटवर सगळे ट्रिम शून्यावर, सर्व्होला करंट दिला की तो मध्यावर येतो, मग आर्म पुशरॉडला (हलणाऱ्या भागापर्यंत जाणाऱ्या तारेला) काटकोनात बसवून स्क्रू लावायचा. तो एवढासा स्क्रू लावायला विसरलात तर आर्म हवेत निघून येतो. हॉर्नची (हलणाऱ्या भागावर बसवलेल्या, पुशरॉड अडकवायच्या तुकड्याची) भोकं बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर यायला हवीत. एलिरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे), एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा) आणि रडर (उभ्या शेपटीचा) हे तिन्ही हलणारे भाग बोटांनी हलवून बघा, हलका ताण देऊन ओढून बघा, बिजागरी सुटत असेल तर आत्ताच चिकटवा. क्लेव्हिसवर (पुशरॉडच्या टोकाच्या चिमट्यावर) सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा चढवला की तो उघडत नाही. पहिल्या उड्डाणाला हालचाल कमी ठेवा. किटच्या कागदावर आकडा असेल तर तो घ्या, नसेल तर मी अशा आकाराच्या विमानाला वर खाली १०-१२ मिलिमीटर ठेवतो आणि ३० टक्के एक्स्पो (स्टिक मध्याजवळ असताना हालचाल मऊ करणारी सेटिंग) देतो. एक्स्पोचं चिन्ह मात्र प्रत्येक रेडिओत सारखं नसतं, कुठे प्लस दिल्यावर मधली हालचाल मऊ होते कुठे मायनस, तेव्हा स्टिक हळू हलवून पंखाकडे बघा.

आणि आता दिशा. हे सगळ्यात महत्त्वाचं, वाचून पुढे जाऊ नका. विमानाच्या मागे उभं राहायचं, नाक तुमच्यापासून लांब. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलिरॉन वर आणि डावा खाली. स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटरची मागची कड वर. रडरची स्टिक उजवीकडे तर रडर उजवीकडे. तोंडानं मोठ्यानं बोलत बोलत करा. माझं दुसरं विमान यातच गेलं. रिसीव्हर (विमानातला सिग्नल घेणारा भाग) बदलला होता, रिमोटमध्ये नवीन मॉडेल सेट केलं, मैदानावर पोचून स्टिक हलवली, एलिरॉन हलले, बस, हलतायत म्हणजे झालं असं समजलो. हलतायत की नाही ते बघितलं, कुठे हलतायत ते बघितलंच नाही. हातातून सुटल्यावर विमान डावीकडे कललं, मी उजवी दिली, ते आणखी डावीकडे, मी आणखी उजवी दिली, तीन सेकंदात ते बांधाला जाऊन आदळलं. पंख मधोमध मोडला, मोटरचा शाफ्ट वाकला. महिनाभर पैसे साठवून घेतलेलं विमान होतं ते, आणि चूक दिशा उलटवायच्या एका बटणाची होती. तेव्हापासून मी घरी एकदा आणि मैदानावर प्रत्येक उड्डाणाआधी एकदा, असं दोन्हीकडे बघतो.

सीजी म्हणजे तोल, तो बॅटरी आत घालूनच तपासायचा, रिकामं विमान तोलून उपयोग नाही. किटमध्ये पुढच्या कडेपासूनचं अंतर दिलेलं असतं. नसेल आणि पंख सरळ आयताकृती असेल तर रुंदीच्या पाव भागापासून सुरू करा, २० सेंटिमीटर रुंद पंख म्हणजे पुढच्या कडेपासून ५ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना पंखाखाली खूण करा आणि दोन बोटांवर विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं तर चांगलं. शेपटी खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा, तरी भागलं नाही तर नाकात वजन घाला पण तसंच उडवू नका, मागे जड झालेलं विमान नवीन हाताला सावरत नाही. तोल बसला की बॅटरीच्या जागेवर मार्करनं रेघ मारा आणि व्हेल्क्रोचा पट्टा घट्ट करा.

मोटरचं काम प्रॉप (मोटरवरचा पंखा) काढून. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) कॅलिब्रेट करायची असेल, फिरण्याची दिशा बघायची असेल, सगळं प्रॉपशिवाय. उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायर अदलाबदल करा. मग प्रॉप लावताना आकडे छापलेली बाजू पुढे, नट घट्ट, आणि पात्याला बारीकशी जरी चीर असेल तर फेकून द्या, त्याला टेप लावू नका. वेळेचं गणित आत्ताच करून टायमर लावा, २२०० चे ८० टक्के म्हणजे १७६० वापरायचे, सरासरी १२ अँपिअर धरले तर पावणेनऊ मिनिटं निघतात, मी टायमर ६ मिनिटांचा लावतो कारण उतरताना एकदोनदा पुन्हा वर घ्यावं लागतं.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेला की मोटर आपोआप बंद करणारी सोय, ती सुद्धा प्रॉप काढलेला असतानाच तपासा. थ्रॉटल (मोटरचा वेग) थोडा वर ठेवून रिमोट बंद करा, मोटर बंद पडायलाच हवी. चालू राहिली तर फेलसेफ नीट लावल्याशिवाय घराबाहेर पडू नका, सिग्नल गेलेलं विमान फुल थ्रॉटलवर कुणाच्या अंगणात जाईल सांगता येत नाही.

जागेचं पण रात्रीच बघा. ड्रोन नियम २०२१ मध्ये मॉडेल विमानंही धरलेली आहेत, २५ किलोपर्यंतची, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी उडवायची आणि नजरेच्या टप्प्यातच ठेवायची. डिजिटल स्काय या सरकारी साइटवर नकाशा आहे, ग्रीन झोनमध्ये (जिथे आधी परवानगी लागत नाही) ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात असाल तर २०० फुटांपर्यंतच. पुण्यात तर एकीकडे लोहगाव आणि दुसरीकडे खडकवासल्याला एनडीए, नकाशा न बघता निघायचंच नाही. आम्हाला सगळ्यात बरं पडतं ते ज्वारी काढून मोकळं झालेलं रान, पण मालकाला आधी विचारून. विजेच्या तारा कुठून जातात ते लक्षात ठेवा.

पिशवीत पंखाचे बोल्ट किंवा रबर, दोन जास्तीचे प्रॉप, स्क्रू ड्रायव्हर, अॅलन की, टेप, इपॉक्सी, व्होल्टेज चेकर, टोपी, पाणी. बोल्ट वेगळ्या डबीत ठेवा, एका बोल्टापायी आम्ही चाळीस किलोमीटर परत आलोय.

सकाळी सातच्या आत पोचा, आपल्याकडे उन्हं चढली की वारं सुटतं आणि माळावर तर दहानंतर नवीन माणसानं विमान बाहेर काढूच नये. घारी खाली घिरट्या घालत असतील तर थांबा, त्या फोमच्या विमानावर झडप घालतात आणि त्यात त्यांनाच इजा होते. बघायला पोरं जमतात, त्यांना प्रेमानं तुमच्या मागे उभं करा, प्रॉपच्या रेषेत कुणीही नको.

आधी रिमोट चालू, थ्रॉटल खाली, थ्रॉटल कटचं (मोटर फिरू न देणारं) बटण लावलेलं, मग विमानात बॅटरी. बंद करताना उलटं, आधी विमान मग रिमोट. रिमोट रेंज चेक मोडला (सिग्नल मुद्दाम कमी करणारा मोड) टाकून तीसेक पावलं लांब जा, सोबतचा माणूस विमान धरून उभा राहील, सगळे पृष्ठभाग अडखळल्याशिवाय हलायला हवेत. पंखाचे बोल्ट हातानं ओढून बघा. दिशा पुन्हा, मोठ्यानं बोलून. मूठभर सुकं गवत सोडून वारा कुठून आहे बघा, नाक त्याच्याकडे करा, सूर्य पाठीशी राहील असे उभे राहा. थ्रॉटल कट काढा, टायमर सुरू करा, सोबतच्याला "सोड" म्हणा, आणि विमान दोन-तीन झाडांएवढं वर जाईपर्यंत वळवायला जाऊ नका.