पक्क्या रंगाच्या गल्लीतून

आमच्या वडगावात गल्लोगल्ली माग. साडीचा रंग उन्हात उडाला की गिऱ्हाईक परत दारात, म्हणून पक्क्या रंगाचं महत्त्व मला लहानपणीच कळलेलं. आणि पीएचडीला विषय मिळाला उजेडानं बदलणाऱ्या रंगांचा! काका म्हणाले, "असला रंग फुकट दिला तरी नको रे."

गंमत म्हणजे माझ्या पहिल्या बाटलीवर नाव होतं डिस्पर्स रेड वन. हा मुळात कापडाचाच रंग. त्याच्या रेणूत मधोमध नायट्रोजनची जोडी असते, तिला अ‍ॅझो म्हणतात. उजेड शोषला की सरळ रेणू वाकतो आणि काही क्षणांत परत सरळ होतो. ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा लेसर टाकत राहिलात, तर हळूहळू बरेचसे रेणू त्या ध्रुवणाच्या दिशेशी काटकोनात होऊन बसतात. मग एकाच फिल्मचा अपवर्तनांक, म्हणजे ती उजेडाला किती वाकवते तो आकडा, दोन दिशांना वेगवेगळा येतो. याच्यावरच सगळा खेळ.

नवीन आलेल्यांना लेसरची घाई असते. मलाही होती. पण माझं पहिलं वर्ष खाल्लं ते फिल्मनं. पीएमएमए नावाचं पारदर्शक प्लॅस्टिक क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं, त्यात रंग घालायचा, काचेवर थेंब टाकून स्पिन कोटरवर फिरवायचं, एवढंच काम. जुलै उजाडला आणि प्रत्येक फिल्म ताकासारखी पांढरट येऊ लागली. दोन आठवडे मी पॉलिमरला दोष देत होतो. दोष पावसाचा होता, आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. क्लोरोफॉर्म भराभर उडतो, त्यानं फिल्म गार पडते आणि हवेतली वाफ तिच्यावर धरते. सावकाश उडणारं सायक्लोहेक्झानोन वापरलं आणि काच लख्ख आली. द्रावण आधी बारीक फिल्टरमधून गाळा, नाहीतर धुळीच्या प्रत्येक कणामागे धूमकेतूसारखी शेपटी उमटते. हातमोजे घालाच.

मराठी शाळेतून पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेलेल्यांना इंग्रजी शब्दांची धास्ती वाटते. ती सहा महिन्यांत जाते. गणिताची मात्र आपोआप जात नाही, तेव्हा प्रकाशाचं ध्रुवण एमएस्सीतच पक्कं करून घ्या. नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवा. 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, घरच्यांचे प्रश्न निम्मे कमी होतात.

1995 मध्ये दोन गटांनी दाखवलं, की अ‍ॅझो पॉलिमरवर दोन लेसर किरणांचे पट्टे पाडले तर पृष्ठभाग स्वतःच सरकून लाटा उठतात. धुणं नाही, खोदणं नाही. यासाठी रंग नुसता मिसळून भागत नाही, पॉलिमरच्या साखळीला जोडावा लागतो. तशी एक काच मी दिवाळीत घरी नेली. काकांनी ती ट्यूबलाइटखाली साडीच्या काठासारखी तिरकी धरली, इंद्रधनुष्य बघितलं आणि विचारलं, "धुतल्यावर जातंय काय?"

"पाण्यानं नाही. तापवलं तर जातं."

"मग इस्त्री करू नको," म्हणाले.