पद्मिनीचा आतला रनिंग बोर्ड घरी बदलताना

प्रीमियर पद्मिनीला वेगळी चेसिस नसते. फरशी, दाराखालचे रनिंग बोर्ड, खांब आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. रनिंग बोर्डचा बाहेरून दिसणारा पत्रा हा अर्धाच भाग. त्याच्या आत दुसरा उभा पत्रा असतो आणि दोन्ही मिळून होणाऱ्या बंद डब्यावर गाडीचा मधला भाग तोललेला असतो. बाहेर नवा पत्रा ठोकून, लांबी (पुट्टी) भरून, रंग मारलेल्या गाड्या विकायला भरपूर दिसतात. आतला पत्रा तसाच सडका असेल तर ती दुरुस्ती नव्हे, फसवणूक आहे.

तपासायला कार्पेट आणि खालचा डांबरी लेप काढा. फरशी जिथे रनिंग बोर्डला मिळते त्या कडेवर स्क्रूड्रायव्हरने टोचत जा. घट्ट आवाज यायला हवा. टोक आत गेलं किंवा पापुद्रे सुटले तर पत्रा गेलाच. गाडी जॅकवर घेतल्यावर दार आवळून बसत असेल तर डब्यातली ताकद संपली आहे.

नागपुरात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस बरे. पावसाळ्यात घासून चकाकवलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना प्राइमरचे थेंब हवेतच सुकतात आणि पत्र्यावर भुकटीसारखे बसतात. उन्हाळ्यात करायचंच असेल तर प्राइमर पहाटे मारा आणि कूलर त्या जागेपासून लांब ठेवा. त्याची ओली हवा उघड्या पत्र्याला गंज चढवते आणि त्याचा झोत वेल्डला हवेपासून झाकणारा गॅस उडवून लावतो.

आतल्या पत्र्यासाठी १.२ मिलिमीटरचा सीआरसीए (थंड लाटून नरम केलेला पोलादी) पत्रा घ्या. ८ बाय ४ फुटांची शीट साधारण २८ किलो भरते आणि दोन्ही बाजूंना पुरून उरते. गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको, वेल्डिंग करताना जस्ताचा विषारी धूर निघतो. तयार आतला पॅनेल मिळाला नाही तरी अडत नाही. जुन्या पत्र्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापा, घड्यांचे कोन त्यावरच लिहा आणि हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बेंडिंग मशीनवर घड्या पाडून घ्या. हातोडीने पाडलेली घडी लांबीभर सरळ येत नाही. क्लॅम्प, वाइस ग्रिप (लॉक होणारी पक्कड), कटिंग व्हील वगैरे इतवारीतल्या लोहाओळीत मिळेल. वाइस ग्रिप निदान १० तरी हव्यात.

कापण्याआधीच्या तयारीत कंजुषी करू नका. बॅटरी, सीट आणि पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा. फरशीजवळून जाणारी वायरिंग, पेट्रोलची आणि ब्रेकची नळी मोकळी करून बाजूला घ्या. गाडी सपाट कोब्यावर, मागच्या अ‍ॅक्सलखाली आणि पुढच्या क्रॉस मेंबरखाली (आडव्या तुळईखाली) स्टँड देऊन उभी करा. रनिंग बोर्डखाली टेकू देऊ नका, तोच तर कापायचा आहे. आता दारांच्या चारही बाजूंची फट मोजून लिहा, दारांच्या चौकटींचे कर्णही मोजा. मग २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप पुढच्या खांबापासून मधल्या खांबाला आणि तिथून मागच्या खांबाला वेल्ड करा. एक आडवा पाइप दोन्ही मधल्या खांबांमध्ये द्या. पाइप थोडे आतल्या बाजूला घ्या, म्हणजे दारं लावून बघता येतात. एका वेळी एकच बाजू उघडा.

बाहेरचा पत्रा काढल्यावर वायर ब्रशने कडा घासा, कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे (दोन पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेल्या जागांचे) गोल खड्डे दिसतील. ८ मिलिमीटरच्या स्पॉट वेल्ड कटरने फक्त वरचा थर कापा. खालच्या फरशीची कड शाबूत राहिली तर पुढचं काम निम्म्यावर येतं. गंज दिसतो तिथे थांबू नका, त्यापुढे २५ मिलिमीटर चांगल्या पत्र्यात जाऊन कापा. फरशीची कडही गेली असेल तर आधी आतला पत्रा खांबांना जोडा, फरशीचा तुकडा नंतर त्याला मिळवा.

नवा पत्रा क्लॅम्पने बसवा, बाहेरचा पत्राही तात्पुरता लावा, दारं लावा आणि मापं पुन्हा घ्या. फट बदलली असेल तर आत्ताच सुधारा. नंतर ती सुधारत नाही.

वेल्डिंगला मिगच (गॅसच्या आवरणात सतत तार सोडणारं वेल्डिंग) वापरा. गॅस वेल्डिंगची उष्णता दूर पसरून पत्रा वाकतो, साध्या आर्कच्या रॉडने इतक्या पातळ पत्र्याला भोकं पडतात. ०.८ मिलिमीटरची तार, आर्गन आणि सीओटूचं मिश्रण, मिनिटाला १० ते १२ लिटर. वरच्या पत्र्याला दर ३० मिलिमीटरवर ८ मिलिमीटरचं भोक पाडा, हीच भोकं वेल्डने भरून पत्रे जोडायचे आहेत, आणि आतल्या जोडावर जस्ताचा वेल्ड-थ्रू प्राइमर (ज्यावरून वेल्ड करता येतं असा) लावा. भोकाच्या मध्यावर, खालच्या पत्र्यावरच आर्क सुरू करा आणि गोल फिरवत बाहेर या. आर्क वरच्या कडेवर सुरू झाला तर भोक भरलेलं दिसतं, पण खाली काहीच धरलेलं नसतं.

म्हणून आधी दोन रद्दी तुकडे जोडा आणि छिन्नीने उचकटा. खालच्या पत्र्याचा लचका तुटून आला तर सेटिंग बरोबर. भोकातली वेल्डची टिकली नुसती सुटली तर करंट वाढवा. घरच्या लाइनवर व्होल्टेज पडलं की सेटिंग तेच राहूनही वेल्ड कच्चा बसतो, त्यामुळे ही चाचणी रोज काम सुरू करताना करा. एक्स्टेंशन बारीक वायरचं नको.

गाडीवर आधी दर १०० मिलिमीटरवर वेल्डचा टाका घाला, मग उरलेली भोकं एक इथे तर पुढचं लांब तिकडे असं करत भरा. पाणी ओतून थंड करू नका. शेजारी पाण्याची बादली आणि अग्निशामक ठेवा आणि काम थांबल्यावर तासाभराने कार्पेट, रबर, फोम कुठे धुमसत नाही ना हे पुन्हा पाहा.

डबा बंद करण्याआधी आतून इपॉक्सी प्राइमर मारा. बाहेरचा पत्रा जोडून झाला, वेल्ड गार झाले की जोडांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलर भरा, पण खालची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. ती बुजली की पावसाचं पाणी आत साचतं आणि नवा पत्रा आतून सडू लागतो. रंग पूर्ण वाळल्यावर लांब नळीने डब्यात कॅव्हिटी वॅक्स (पोकळीतला गंज रोखणारं मेण) सोडा. ते भोकांमधून खाली ठिबकेपर्यंत सोडत राहा, मग तारेने भोकं साफ करा. मजबुतीचे पाइप दोन्ही बाजू जोडून झाल्यावरच कापा.