दुर्मीळ की देखणं? गोव्याची जुनी नाणी घेताना या चुका टाळा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकदा एका विक्रेत्याने मूठभर नाणी माझ्यापुढे ओतली. त्यात १९५२ चा रुपिया होता. "चांदीचा आहे, पोर्तुगेजांचा," असं म्हणत त्याने भाव सांगितला आणि मी तो मुकाट्याने दिला. घरी येऊन कॅटलॉग उघडला. १९४७ च्या रुपियात निम्मी चांदी आहे, १९५२ चा मात्र तांबे-निकेलचा. साल न बघता "दुर्मीळ" हा शब्द मी विकत घेतला होता.

नाणं दुर्मीळ हवं की सुस्थितीतलं, हे सगळ्याच नाण्यांसाठी एकदाच ठरवायला जाऊ नका. मी स्वतःला एवढंच विचारतो: याहून चांगला नमुना मला पुन्हा मिळेल का?

१९५८ पासूनच्या एस्कुदो-सेंताव्हुंचं (रुपियानंतर गोव्यात आलेल्या पोर्तुगीज चलनाचं) उत्तर बहुतेक वेळा "हो" असतं. ही नाणी जेमतेम काही वर्षं चालली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, मग भारतीय रुपये आले आणि कितीतरी घरांत ही चिल्लर फारशी न झिजता डब्यात पडून राहिली. त्यामुळे १९५९ चं, अक्षरं पुसट झालेलं दहा सेंताव्हुंचं नाणं कोणी "जुनं आहे हो" म्हणून गळ्यात मारत असेल तर हात जोडून पुढे व्हा. इथे स्थितीच बघायची.

बझारुकोंचं अगदी उलट. पोर्तुगीज काळातली ही किरकोळ किमतीची नाणी मुळातच ओबडधोबड. ठसा एका बाजूला सरकलेला, कड वाकडी, त्यात आपल्या खाऱ्या दमट हवेत वर्षानुवर्षं गेलेली. टवटवीत बझारुको मिळेपर्यंत थांबणाऱ्याचा संग्रह रिकामाच राहतो. नाण्यावरच्या ढालीच्या चित्राशेजारची अक्षरं वाचता आली तरी मी खूश असतो: जी-ए म्हणजे गोवा, डी-ओ म्हणजे दीव.

सर्वात जास्त फसगत होते ती १८८१-८२ च्या, पोर्तुगालचा राजा लुईस याच्या चेहऱ्याच्या चांदीच्या रुपियात. इंग्रजांशी झालेल्या करारानंतर हे रुपिये कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले, ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचे, म्हणजे ११.६६ ग्रॅमचे. तेव्हा आधी वजन करा. सोनाराकडचा काटा पुरतो. झिजेने थोडं कमी भरणं ठीक, पण अर्धा-एक ग्रॅम कमी भरलं तर संशय घ्या. मग दहापट भिंग घेऊन कड फिरवून बघा, विशेषतः राजाच्या डोक्यावरची. गोव्यात रुपियाला कडी लावून माळेत ओवायची पद्धत होती. पुढे कडी काढली, कड घासली, तरी डाख दिल्याची खूण राहतेच. चेहरा कितीही देखणा असला तरी असं नाणं दागिन्यातून निघालेलं, आणि भाव त्याच मानाने द्यायचा. विक्रेते फोटोत नेमकी कड दाखवत नाहीत, म्हणून मी कडेचा फोटो आवर्जून मागतो.

आता घासणं. चतुर्थीआधी आमची आजी चिंच आणि सोलं लावून तांब्याचा हंडा लखलखीत करायची. तोच हात मी १८८४ च्या पाव टांग्यावर, म्हणजे तांब्याच्या एका जुन्या नाण्यावर, फिरवला. तपकिरी कांती गेली आणि नाणं नुसतं गुलाबी झालं. एका जाणकाराला दाखवलं तर त्याने काही न बोलता परत माझ्या हातात ठेवलं. दुर्मीळ साल असतं तरी घासलेल्या नाण्याला घासलेल्याचाच भाव. मळ असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, चिकटपणा असेल तर अ‍ॅसिटोन वापरा (मोकळ्या हवेत, दिवा-शेगडीपासून लांब), आणि बोटाने चोळू नका, कापडाने टिपून घ्या.

"कॅटलॉगमध्येसुद्धा नाही, इतकं दुर्मीळ!" हे वाक्य ऐकलं की मी उठतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, १८१८ सालची, राम-सीतेची किंवा हनुमानाची नाणी अशीच विकली जातात. कंपनीने ती कधी पाडलीच नाहीत.

आणि लिस्बनमध्ये राहणाऱ्या भावाला भेट म्हणून द्यायला शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं सामानात टाकू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ते देशाबाहेर नेता येत नाही.

शेवटी ठेवण्याबद्दल, कारण चांगल्या स्थितीला जादा पैसे मोजून पुढच्याच पावसाळ्यात ती घालवणारे मी बरेच पाहिलेत. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांनी नाण्यावर हिरवा चिकट थर येतो, ती टाळा. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते नाणं लगेच इतरांपासून वेगळं काढा, मिठामुळे धातू आतून खाल्ला जातोय. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी ती सुकवून घ्या. आमच्याकडे हे काम रविवारी, मासे तळून झाल्यावर, त्याच गरम तव्यावर उरकतं. तवा आधी धुवायचा, हे बायकोने दोनदा बजावलं आहे.